मागे इंजिन, पुढे ताई

मी पोर्शेवाला. म्हणजे दारात पोर्शे नाही, येण्याची चिन्हंही नाहीत. पण शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर पोर्शेची ९११ गाडी काढून काढून हात जो बसला तो बसला. माझी मावसबहीण, ताई, टोयोटावाली, आणि तिच्या दारात ती बारा वर्षं खरोखर उभी आहे. तिचा निकष एकच: सकाळी किल्ली फिरवली की गाडी चालू झाली पाहिजे. हा निकष फ्रिजला लावतात, असं मी म्हणतो. त्यावर ती म्हणते, "फ्रिज तरी आहे ना तुझ्याकडे?"

तर अशा दोघांनी सहा दिवस नुसत्या मोटारी बघायच्या म्हणून निघायचं ठरवलं. इटलीतलं तुरीन, फ्रान्समधलं म्युलूझ, जर्मनीतलं श्टुटगार्ट आणि शेवटी हॉलंडमधलं द हेग. बेत सगळा माझा होता. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण तिसऱ्या दिवशी ते अंगाशी आलं.

पहिला दिवस, शनिवार: तुरीन

सुरुवात एका गच्चीवरून केली. फियाटचा लिंगोट्टो कारखाना १९२३ साली सुरू झाला तेव्हा कच्चा माल तळमजल्यावर आत जायचा, मजल्यागणिक गाडी अंग धरत वर चढायची आणि पाचवा मजला संपला की थेट गच्चीवर निघायची. तिथे साधारण एक किलोमीटरचा चाचणीचा रस्ता, दोन्ही टोकांना तिरकी उभारलेली वळणं. कारखाना १९८२ साली बंद झाला. आता खाली दुकानं आहेत आणि वर रस्त्याच्या कडेने झाडं लावून बाग केली आहे. वळण लांबून साधा उतार वाटतं. त्यावर चढायला गेलं की पोटऱ्या बोलू लागतात.

मी भारावून फोटो काढत होतो, ताई कठड्यापाशी उभी राहून हिशेब करत होती. "अर्धवट गाडी हलकी, पुरी झालेली जड. म्हणजे जसं वजन वाढेल तसं वर उचलायचं, आणि शेवटी ते सगळं पुन्हा खाली आणायचं. उलटं का नाही केलं?" मला उत्तर सुचलं नाही. फियाटलाही सुचलं नसावं, कारण मिराफिओरीचा पुढचा कारखाना त्यांनी १९३९ साली सपाट जमिनीवर ऐसपैस पसरून बांधला.

तिथून पायी जाण्याजोगं राष्ट्रीय मोटार संग्रहालय. कंपनीच्या संग्रहालयात कंपनीचीच आरती चालते. इथे सगळे देव एका रांगेत, शेंदूर पुसलेले. पहिल्यांदा गाठली ती इटाला. १९०७ साली प्रिन्स शिपिओने बोर्गेसे, मेकॅनिक गुइझार्दी आणि पत्रकार बार्झिनी या तिघांनी ही गाडी पेकिंगहून पॅरिसला नेली. १० जूनला निघाले, १० ऑगस्टला पोचले, तेही मध्ये सेंट पीटर्सबर्गची वाकडी वाट करून. रशियात लाकडी चाक मोडलं तेव्हा एका सुताराने कुऱ्हाडीने तासून नवं घडवून दिलं. ताईने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ही चालली असती मला. कंपनी कुठाय आता?" म्हटलं, १९३०च्या दशकातच बुडाली. "बघ," एवढंच म्हणाली. म्हणजे नक्की काय बघ, ते कळलं नाही.

फियाट तुर्बिना माझ्या यादीत सगळ्यात वर होती. १९५४ची, जेटविमानासारख्या टर्बाइनवर चालणारी, जगात एकच. मागे शेपटीचे पंख, लाल-पांढरा रंग, आणि हवेला अडथळा इतका कमी की त्याचा गुणांक ०.१४ भरला. आजच्या चांगल्या इलेक्ट्रिक गाड्या ०.२० च्या आसपास घुटमळतात, यावरून अंदाज यावा. टर्बाइन मिनिटाला २२,००० फेरे घ्यायचं. इंधनही तसंच प्यायचं आणि तापायचंही तसंच, म्हणून प्रकरण तिथेच संपलं. ही गाडी चालवून पाहिली ती आम्ही सकाळी चाललो त्याच गच्चीवर. हे आठवलं आणि पाय क्षणभर थांबले.

पण त्या दिवशी खरं मन खाल्लं ते लान्चियाने. तोवर माझ्या लेखी लान्चिया म्हणजे रॅलीतली डेल्टा. १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं निर्मात्यांचं जगज्जेतेपद. इथे लॅम्डा पाहिली. १९२२ साली बाकीचे कारखाने लोखंडाच्या दोन तुळयांवर वरून डबा ठेवत होते, म्हणजे बैलगाडीचीच पुढची आवृत्ती. व्हिन्चेन्झो लान्चियाने तुळया काढून टाकल्या आणि गाडीच्या अंगालाच सगळा भार घ्यायला लावला, जहाजाचा सांगाडा घेतो तसा. पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी. आज साध्यातली साधी गाडी याच पद्धतीने बांधतात. मग १९५०ची ऑरेलिया, व्ही-६ इंजिन घेऊन नियमित उत्पादनात आलेली पहिली मोटार. असं करत करत या लोकांनी इतक्या महागात गाड्या बनवल्या की १९६९ साली फियाटच्या दारात जावं लागलं. पुढे एक काळ असा आला की लान्चियाच्या नावावर इप्सिलॉन नावाची एकच छोटी गाडी उरली, तीही फक्त इटलीत विकायला. माझं मत विचाराल तर नाव मरू द्यावं, पण बिल्ल्यापुरतं जगवू नये.

"हुशार मुलगा, पण नोकरी टिकली नाही," ताई म्हणाली.

दुसरा दिवस, रविवार: म्युलूझ

पहाटेची ट्रेन, मिलान, आल्प्सचे बोगदे, स्वित्झर्लंडमधलं बाझेल. दुपार उजाडली म्युलूझला, आणि संग्रहालयात शिरल्यावर दोघंही काही वेळ बोललो नाही. लोकरीचं सूत काढणाऱ्या गिरणीचं एक अवाढव्य दालन, त्यात पॅरिसच्या पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो दिव्यांचे खांब आणि त्यांच्यामध्ये गाड्यांच्या रांगाच रांगा. बुगाटी इतक्या की चाळिसाव्यानंतर मी मोजणं सोडलं. कुठल्याही एका गाडीसाठी आयुष्यभर झुरावं, अशा गाड्या इथे पोत्यातल्या बटाट्यांसारख्या.

हे सगळं जमवलं हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या लोकरीच्या गिरण्यांच्या मालकांनी. फ्रिट्झला बुगाटीचं वेड. गिरण्यांचा पैसा गुपचूप गाड्यांत जात राहिला. शेजारच्या शेडमध्ये कामगारांची कपात आणि इकडे झुंबरं. १९७६ साली धंदा कोसळला, भाऊ सीमा ओलांडून बाझेलला गेले. १९७७च्या मार्चमध्ये कामगारांनी दार उघडून पाहिलं, तर आत हे. त्यांनी ताबा घेतला आणि स्वतःच लोकांना गाड्या दाखवू लागले. पुढे सरकारने संग्रहाला संरक्षण दिलं म्हणून तो फुटून विकला गेला नाही, आणि १९८२ साली रीतसर संग्रहालय सुरू झालं. मी श्लुम्फ बंधूंना शिव्या घालत चाललो होतो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर? गिरणी नसल्यामुळे माझं चारित्र्य शाबूत आहे, इतकंच.

शेवटच्या दालनात बुगाटी रोयाल. एकूण सहाच बनल्या, त्यातल्या दोन खऱ्या इथे. १२.७ लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन. बॉनेटच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती, कंपनी काढणाऱ्या एत्तोरे बुगाटीच्या शिल्पकार भावाच्या, रेम्ब्रांट बुगाटीच्या हातचा. गाडी राजेलोकांसाठी, पण जगात मंदी आली आणि एकाही राजाने घेतली नाही. गिऱ्हाइकं मिळाली तीन. त्यातला एक, आर्मां एस्देर्स, रात्री गाडी चालवत नसे म्हणून त्याने बिनदिव्यांची मागवली. त्या गाडीची प्रतिकृतीही इथे आहे, आणि हेडलाइट नसलेलं ते तोंड पाहताना गाडी डोळे मिटून बसली आहे असं वाटत राहतं.

उरलेल्या इंजिनांचं काय केलं? रेल्वेच्या डब्यांत बसवली. ते डबे वेगाने धावले आणि भरपूर पैसाही मिळवून गेले. त्यातला एक याच गावातल्या रेल्वे संग्रहालयात आहे, पण आमच्याकडे वेळ नव्हता, आणि ही चुटपुट अजून आहे. रोयाल मला आवडली का? हत्ती आवडला. गाडी म्हणजे जिद्दीचं सोंग घेतलेला अहंकार वाटली. आजची बुगाटीही याच वळणावर गेलेली: हजारावर अश्वशक्ती, आणि ती वापरायला रस्ता कुठे, हे विचारायचं नाही.

तिसरा दिवस, सोमवार: ठरलेलं नव्हतं ते

श्टुटगार्टच्या ट्रेनमध्ये बसून फोनवर तिकिटं काढायला गेलो आणि घाम फुटला. मर्सिडीजचं संग्रहालय सोमवारी बंद. पोर्शेचंही सोमवारी बंद. सहा महिने बेत आखणाऱ्या माणसाने वार पाहिला नव्हता. ताईने काहीच सुनावलं नाही, आणि त्याने जास्त लागलं. नकाशा उघडून म्हणाली, "कार्ल्सरूहेला उतरू. व्हीसलोख जवळ आहे. बेर्टाबाई बघू."

१८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. बरोबर ऑयगेन आणि रिशार्ड ही दोन मुलं. तोवर मोटार म्हणजे अंगणात दोन फेऱ्या मारून थांबायचं प्रकरण होतं. हा प्रवास शंभर किलोमीटरच्या वरचा. इंधन म्हणून चालायचं लिग्रोइन, कपड्यांवरचे डाग काढायचं रसायन. ते मिळायचं औषधाच्या दुकानात, म्हणून व्हीसलोखच्या दुकानापाशी गाडी थांबली. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ती जागा आज मिरवते. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या उघड्या तारेला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी ढकललं, आणि परत आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. त्याने बसवला.

दुकानासमोर आम्ही बॅगा टेकवून उभे. बघायला फार काही नाही. ताई म्हणाली, "तुम्ही लोक इंजिन किती सीसीचं ते सांगत बसता. हिने गाडी वापरून पाहिली. ब्रँड तिथे झाला." सहा दिवसांत मला हरवणारं हे तिचं पहिलं वाक्य.

दुपारी झिन्सहाइम. इथलं तंत्रज्ञान संग्रहालय वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं, देव त्यांचं भलं करो. छतावर काँकॉर्ड आणि रशियन टीयू-१४४ ही आवाजापेक्षा वेगवान विमानं शेजारी शेजारी, दोन्हींच्या आत चढून जाता येतं. खाली ब्रूटस नावाचं प्रकरण आहे: जुन्या अमेरिकी अग्निशामक गाडीच्या चासीवर बीएमडब्ल्यूचं विमानाचं व्ही-१२ इंजिन, जवळपास ४७ लिटरचं. एका सिलिंडरमध्ये आख्खी छोटी मोटार मावेल असं म्हणणार होतो. हिशेब केला तर एका सिलिंडरची जागाच चार लिटरच्या जवळ. धूर सोडायच्या तोंडांकडे बघूनच भिवया जळाल्यासारख्या वाटतात. याचा उपयोग काय? काही नाही. मला फार आवडलं.

तिथेच ब्लू फ्लेम आहे, हिने २३ ऑक्टोबर १९७० रोजी बॉनव्हिलच्या मिठागरावर गॅरी गॅबेलिचला घेऊन ताशी १००० किलोमीटरची रेघ ओलांडली. चाकांना इंजिनाची ताकद नाहीच. मागे रॉकेट, आणि इंधन नैसर्गिक वायू. पेन्सिलीसारखं निळं अंग. "हिला गाडी म्हणायचं?" ताईने विचारलं. चाकं आहेत, माणूस आहे, वळवायची सोय आहे. म्हणायचं.

चौथा दिवस, मंगळवार: श्टुटगार्ट

मर्सिडीजचं संग्रहालय वरून खाली उतरायचं. लिफ्ट नेऊन सोडते ती एका पांढऱ्या घोड्यापुढे: मोटार हे चार दिवसांचं खूळ, मी घोडाच मानतो, अशा अर्थाचे कैसर विल्हेल्मचे शब्द शेजारी. स्वतःची थट्टा करून सुरुवात करणारी कंपनी मला एकदम पटली. पुढच्या आठ मजल्यांवर मात्र थट्टेला जागा नाही. १८८६ची बेन्झची तीनचाकी आहे, पण प्रतिकृती. पहिली खरी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमकडे आहे. हे मी ताईला जरा जोरातच सांगितलं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.

पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची गलविंग, शर्यतीच्या रुपेरी सिल्व्हर अ‍ॅरो, पोपची काचेची गाडी हे सगळं पाहिलं. मी अडकलो निळ्या ट्रान्सपोर्टरपाशी. १९५५ साली शर्यतीची गाडी लवकर वर्कशॉपला पोचावी म्हणून बनवलेला हा ट्रक, त्यात इंजिन ३०० एसएल या स्पोर्ट्स गाडीचं, १९२ अश्वशक्तीचं. पाठीवर रेसिंग कार घेऊन ताशी १६०च्या पुढे पळायचा. चालकाची केबिन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबणारी. आणि एवढा देखणा ट्रक त्यांनी १९६७ साली भंगारात काढला! आज दिसतो तो नंतर खपून पुन्हा बनवलेला. पाठीवरची रेसिंग कार सगळ्यांना माहीत असते, तिला वाहून नेणारा कोणाच्या खिजगणतीत नसतो. मर्सिडीजबद्दल माझं मत तेच राहिलं: डोकं थंड, हात सुबक, आणि आपण मोठे आहोत हे एक क्षण विसरत नाही.

दुपारी झुफेनहाउझन. पोर्शेचं संग्रहालय. इथे येताना छातीत धडधड होती, लपवत नाही.

९११चा इतिहास मला पाठ. १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवली तेव्हा नाव ९०१. मधे शून्य असलेले तीन आकडे आमचे, असं पेजो म्हणाली आणि शून्याचा एक झाला. किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे, डाव्या हाताने इंजिन सुरू करतानाच उजव्याने गिअर टाकता यावा म्हणून, अशी ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या दिवसांतली गोष्ट सांगतात. पण समोर उभं राहून ताईला समजावताना पहिल्यांदा जीभ अडखळली. इंजिन मागच्या धुरीच्याही मागे. म्हणजे वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट पुढे यायला बघते. "मग चुकीच्या जागी आहे ना?" हो. "आणि साठ वर्षं दुरुस्त करतायत?" हो. कंपनीलाही हे कळत होतं. १९७७ साली पुढे इंजिन असलेली ९२८ आणली ती ९११ची गादी चालवायलाच. ९११ बंदच होणार होती. १९८१ साली नवे प्रमुख पीटर शुट्झ यांनी मुख्य इंजिनिअरच्या भिंतीवरच्या तक्त्यात ९११ची रेघ त्या वर्षी थांबलेली पाहिली, पेन उचललं आणि रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली. हा किस्सा मी हजारदा सांगितला आहे. शहाणपणाने नाही, हट्टाने वाचलेली गाडी.

मग सेंपर व्हिव्हुस आली. तरुण फर्डिनांड पोर्शेने १९०० साली चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवल्या आणि त्यांना वीज पुरवायला दोन पेट्रोल इंजिनं ठेवली. हायब्रिड! इथे आहे ती हुबेहूब प्रतिकृती. ताई फलक दोनदा वाचून माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर चार दिवसांचं व्याज. "तुझ्यांनी १९०० साली केली आणि सोडून दिली. आमच्यांनी १९९७ साली प्रियस आणली आणि विकून दाखवली."

मी मुकाट्याने गुलाबी ९१७ बघायला गेलो. १९७१ साली ले मान्सला धावलेली ही गाडी, अंगावर खाटीक आखतो तशा तुकड्यांच्या रेघा आणि प्रत्येक तुकड्याचं नाव. पोर्शेलाही कधीतरी हसू येतं, एवढाच दिलासा.

पाचवा दिवस, बुधवार: दिवसभर ट्रेन

ऱ्हाइनच्या कडेने उत्तरेला. ताई झोपली होती. हॉलंडच्या हद्दीत जागी झाली तेव्हा तिला डाफची गोष्ट सांगितली. या डच कंपनीने १९५८ साली काढलेल्या छोट्या गाडीत गिअरच नव्हते. शंकूच्या आकाराच्या पुल्या आणि त्यांच्यामधून रबरी पट्टे, आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतं तेच तत्त्व. गंमत अशी की गाडी जितकी पुढे पळे तितक्याच वेगाने उलटीही पळे, त्यामुळे डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यती लावल्या. "उलट्या?" ताई इतकी हसली की समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

सहावा दिवस, गुरुवार: द हेग

लाउमान संग्रहालय. खाजगी संग्रह, त्यामुळे कोणाची आरती नाही. ज्याला जे आवडलं ते. १९०३ची स्पायकर इथे आहे: सहा सिलिंडर, चारही चाकांना ताकद, चारही चाकांना ब्रेक. हे तिन्ही एका गाडीत, १९०३ साली.

पण सगळे धावत जातात ते हंसाकडे. १९१० साली कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या हौशी इंजिनिअरने इंग्लंडमधल्या ब्रुक कंपनीकडून ही गाडी बनवून घेतली. पुढचा अर्धा भाग चक्क हंस, डोळ्यांत दिवे. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडे, रस्ता मोकळा करायला. आणि मागून, खऱ्या पक्ष्यासारखा, चुना पडे. रस्त्यावर असा गोंधळ उडाला की पोलिसांना गाडी बंद करायला लावावी लागली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली. त्यांच्याकडचं विजेवर चालणारं हंसाचं पिल्लूही शेजारी उभं आहे. मी पंधरा मिनिटं चुन्याची नळी शोधत होतो. इतका पैसा, इतकी कारागिरी, आणि विनोद शाळकरी पोराचा. रोयालमध्ये जे नाही ते इथे आहे.

ताई दिसेना. शोधत गेलो तर एका गंजक्या सांगाड्यापुढे उभी. रंग उडालेला, पत्रा खाल्लेला, नंतरच्या मालकांनी हाताला लागेल ते जोडून चालवलेला. फलकावर नाव 'टोयोडा एए', १९३६. टोयोडा, कारण तेव्हा घराण्याचं नावच गाडीला होतं. या घराण्याचा मूळ धंदा यंत्रमागांचा. मागाचं पेटंट इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकून आलेला पैसा मोटारीच्या प्रयोगांना लागला. ही त्यांची पहिली प्रवासी मोटार. कंपनीला पुढे स्वतःला हवी होती तेव्हा एकही सापडली नाही, प्रतिकृती बनवून घ्यावी लागली. मग २००८ साली सैबेरियात ही निघाली. डागडुजी न करता जशी मिळाली तशी ठेवली आहे.

मला म्युलूझ आठवलं. तिथेही सूत होतं, इथेही. मी ते ताईला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती वाकून पुढचं चाक बघत होती. गेले सहा दिवस फ्रिज म्हणत होतो, तो फ्रिज सत्तर वर्षं सैबेरियात कोणाकोणाच्या हातून तुटला, जोडला, पळवला गेला होता.

"चालू होत असेल का रे?" तिने विचारलं.

"थोडं ऑइल, बॅटरी," मी म्हटलं. "सकाळी बघावं लागेल."

संग्रहालय बंद होत आल्याची घोषणा झाली. सहा दिवसांत एकाही गाडीबरोबर फोटो न काढलेल्या ताईने फोन माझ्या हातात दिला, केस नीट केले आणि दोरीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन उभी राहिली.